‘जुळवून घेणे’ : एका क्रियापदाची चिकित्सा

कीटकशास्त्रावरील मराठी लेखनात ‘कीड नव्या पिकाशी जुळवून घेते’ हे वाक्य इतके रुळले आहे की, त्याची चिकित्सा करणे कोणास आवश्यक वाटत नाही. वस्तुतः त्यात विषयाचा विपर्यास दडलेला आहे. ‘घेणे’ हे सहायक क्रियापद जोडले म्हणजे क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते आणि बहुधा त्याच्या ठिकाणी हेतूही गृहीत धरला जातो. परगावी बदलून आलेला शिक्षक शेजाऱ्यांशी जुळवून घेतो. कीड त्या अर्थाने काही घेत नाही.

उत्तर अमेरिकेतील ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला या फळमाशीचे उदाहरण पाहावे. ती मूळची हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर वाढणारी. सफरचंद त्या खंडात युरोपीय वसाहतवाल्यांनी सतराव्या शतकात नेले; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही माशी त्यावर आढळली. खाद्यवनस्पती बदलल्याने नवी जाती उद्भवू शकते, हे मत बेंजामिन वॉल्श यांनी १८६० च्या दशकात मांडले व शंभर वर्षांनी गाय बुश यांनी ते पुन्हा उचलून धरले. भौगोलिक विलगता नसता जाती दुभंगते, हे अर्न्स्ट मायर यांना पटण्यासारखे नव्हते. तो वाद येथे नको.

‘जुळवून घेते’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे अन्न व पचन येते. परंतु दोन्ही गटांच्या अळ्या सफरचंदापेक्षा हॉथॉर्नच्या फळातच अधिक जगतात, असे प्रयोगांत आढळले आहे! भेद आहे तो फळाच्या गंधाच्या ओढीत आणि विशेषतः वेळापत्रकात. सफरचंद तीन-चार आठवडे आधी पिकते. त्यातील अळी लवकर जमिनीत उतरून कोष करते आणि हिवाळ्यापूर्वीचा उबदार काळ तिला अधिक दिवस काढावा लागतो. ज्या कोषांची सुप्तावस्था उथळ, ते अवेळी जागे होऊन मरतात. ज्यांची खोल, ते तरतात. मीलन फळावरच होत असल्याने दोन गटांतील संकरही मर्यादित राहतो. शिवाय जेफ्री फेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविले की, सुप्तावस्थेशी निगडित असे गुणसूत्रांतील भेद सफरचंद येण्याच्या फार पूर्वीचे असून त्यांचा माग मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातील माश्यांपर्यंत लागतो. जे आधीच होते, ते नव्या पिकासाठी ‘जुळवून घेतले’ असे कसे म्हणावे?

‘अनुकूलन’ हा शब्द निर्दोष वाटतो खरा. परंतु तो कर्त्यास केवळ झाकतो. विद्यार्थी त्यामागे पुन्हा एकवचनी कीडच उभी करतो. ‘यजमान वनस्पती’ तर अधिकच गमतीचा प्रयोग : पाहुण्यास आपले फळ पोखरू देणारा यजमान कोणी पाहिला आहे? ‘खाद्यवनस्पती’ हा शब्द पुरेसा आहे. मूळ वाक्याऐवजी असे लिहिता येईल : ‘नव्या पिकावर तग धरणारे कीटक त्या पिकावरील समूहात पिढ्यानुपिढ्या वाढत जातात.’ वाक्य लांबते हे मान्य. परंतु त्यातील कर्ता अनेकवचनी आहे आणि क्रियापद अकर्मक.