‘बलुतं’ हा डेटा आहे का?

मागच्या पोस्टमध्ये आपण सॅम्पलिंग बघितलं. त्यावर एकाने विचारलं, “आत्मकथन डेटा म्हणून चालतं का?” मी सायन्सवाला, त्यामुळे माझं पहिलं उत्तर ‘नाही’ असंच होतं. एका माणसाच्या आठवणी म्हणजे सॅम्पल साइझ १! मग धुळे-जळगाव एसटीत दया पवारांचं ‘बलुतं’ पुन्हा वाचलं. पारोळा मागे पडेपर्यंत माझं उत्तर बदललं होतं.

‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने प्रकाशित केलं. त्यात नगर जिल्ह्यातलं गाव आहे आणि मुंबईतला कावाखाना आहे. नागपाड्याजवळच्या या वस्तीत लेखकाचे नातेवाईक दाटीवाटीने राहायचे. शेजारी मुसलमान वस्ती, पलीकडे वेश्यांच्या गल्ल्या. वस्तीतले पुरुष हमाली, गोदी अशा कामांवर जात. बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद वेचत. काहीजणी वेश्यांची लुगडी धुवायच्या.

हे शेवटचं वाक्य नीट बघा. गावात काम जातीवरून ठरलेलं, शहरात तरी जात सुटेल असं वाटतं. पण इथे दोन वस्त्यांमधली सीमा लुगडं ओलांडतं, नातं ओलांडत नाही. पुस्तकात स्वतःच्या वस्तीतली माणसं नाव, नातं, भांडण यांसकट भेटतात. शेजारच्या गल्लीतली बहुतेक कामाधंद्यातून, लांबून दिसतात. ही पुस्तकाची मर्यादा आहे का? आहे. पण माझ्या मते तेच त्याचं निरीक्षणही आहे. विभागलेल्या शहरात एकत्र राहणं असंच असतं: व्यवहार रोजचा, घरात जाणं क्वचित.

आता पद्धतीचा मुद्दा. या पुस्तकात दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण भोगलेला वेगळा आणि शिकून लिहिणारा वेगळा. सोशल सायन्सवाले ज्याला ‘संशोधकाचं स्थान’ म्हणतात, ते इथे पहिल्या पानापासून उघड आहे. आपल्या थिसिसमध्ये आपण ‘असे आढळून आले’ लिहून स्वतःला गायब करतो. कुणाला आढळलं? कुठे उभं राहून?

तुलनेसाठी आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाडला दंगली झाल्या. त्यांची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. आयोग साक्षी घेतो, उलटतपासणी होते, जबाबदारी ठरते. ते काम आत्मकथन करू शकत नाही. पण दंगल नसलेल्या दिवशी शेजारी एकमेकांकडे किती जातात, हे आयोगाला कुणी विचारत नाही. त्यासाठी ‘बलुतं’सारखं पुस्तक लागतं.

हे मला का लागलं, तेही सांगतो. पीएचडीला जळगावात खोली शोधत होतो. एका घरी भाडं ठरलं, मग प्रश्न आला, “पूर्ण नाव काय?” तिथे मी नाव सांगून खोली मिळवली. माझ्यासोबत आलेल्या मित्राला मात्र त्याच गल्लीत ‘खोली आताच गेली’ असं दोनदा ऐकावं लागलं. आम्ही दोघं त्याच गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायलो. चहाला नाव लागलं नाही. तेव्हा मी गप्प बसलो होतो. ‘बलुतं’ वाचताना ते गप्प बसणं आठवलं. तोही डेटाच, आणि त्यात मी बाहेरचा निरीक्षक नव्हतो.

तर उत्तर असं: एका आत्मकथनावरून ‘मुंबईत सगळीकडे असंच होतं’ असा निष्कर्ष काढू नका. पण सर्व्हेत कोणता प्रश्न विचारायचा राहिलाय, ते त्यातून नक्की कळतं.

पेटची तयारी करताय ना? मग एक काम करा. तुमच्या गल्लीत कोण राहतं ते लिहा. त्यातल्या किती जणांच्या घरात तुम्ही जेवलात, तेही लिहा. दुसरी यादी किती छोटी निघते ते बघा. आणि त्या यादीखाली स्वतःचं नाव टाकायला विसरू नका.