डोळ्यांतलं पाणी आणि हातातला दगड

भरतानं नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत अश्रू हा एक. हे अश्रू कशाकशानं येतात याची तिथली यादी मोठी मजेची आहे. ते आनंदानं येतात, रागानं येतात, भयानं आणि शोकानं येतात. तसेच धुरानं, काजळानं आणि जांभईनंही येतात. चुलीपुढं बसलेल्या बाईचे डोळे आणि मूल गमावलेल्या बाईचे डोळे एकाच ओळीत बसवताना भरताला काही वावगं वाटलं नाही. त्याच्यापुढं नट होता आणि नटाच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत का येतं, हा प्रश्न पुढं भट्टनायक, अभिनवगुप्त यांच्यापर्यंत चर्चिला गेला. मराठीत तो विसाव्या शतकात पुन्हा उभा राहिला. १९२१च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपलं भान सोडत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असण्यात त्याला सुख होतं, असा तिचा आशय. के. ना. वाटव्यांच्या ‘रसविमर्शा’पर्यंत आणि त्याही पुढं हा वाद चालत राहिला.

या साऱ्या चर्चेचा रोख मात्र आनंदावर होता. दुःखाचं नाटक बघायला माणूस तिकीट काढून का जातो, हे तिला सोडवायचं होतं. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. चित्रपटात दोन-अडीच तास दुःख चाललेलं असतं, मग रडू नेमक्या एखाद्याच क्षणी का येतं? आणि काही चित्रपटांत दुःख अपरंपार असूनही डोळे कोरडे का राहतात? मी नंदुरबारला मराठी शिकवतो. वर्गात मुलांबरोबर चित्रपट पाहण्याची सवय मला बऱ्याच वर्षांची आहे. पुढचं विवेचन त्या सवयीतून आलेलं आहे.

उशीर

सुरुवात खानदेशाशी जोडलेल्या पुस्तकापासून करतो. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेतली आणि १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट १९५३चा. आईच्या भूमिकेत वनमाला आणि श्यामच्या भूमिकेत माधव वझे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं.

या कथेत लोक कुठं रडतात? आईच्या मृत्यूला रडतात, हे खरं. पण आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई धोंडीवर ओचे पसरते आणि पायांइतकंच मनालाही जप म्हणून सांगते, त्या प्रसंगालाही गळा दाटतो. त्या प्रसंगात कुणाला काहीही झालेलं नाही. एक मूल लाडात आलं आहे, एवढंच. मग रडू कसलं?

उत्तर पुस्तकाच्या रचनेत आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना बेचाळीस रात्री आईच्या आठवणी सांगतो. आई आता नाही हे सांगणाऱ्याला पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे, ऐकणाऱ्यांनाही आहे. हट्टी मुलाला तेव्हा न कळलेलं आता कळलं आहे, आणि ज्या माणसाला ते सांगायचं तो माणूस उरलेला नाही. शेवटी श्याम घरी पोचतो तेव्हाही आई गेलेली असते. पण खरं पाहता तो प्रत्येक रात्री उशिराच पोचतो.

इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी मुलांच्या काही पुस्तकांवर लिहिताना हेच सूत्र काढलं. दे अमिचिसचं ‘कुओरे’ (१८८६) आणि मोल्नारचं ‘पॉल स्ट्रीटची मुलं’ (१९०७) ही त्यांची उदाहरणं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गोष्टीतलं एखादं पात्र इतका वेळ आंधळं असतं. मग त्याला आपल्याला दिसतं तेच दिसू लागतं. दोन दृष्टी जुळतात, पण जुळूनही काही उपयोग नसतो, कारण वेळ गेलेली असते. त्या क्षणी रडू येतं. मला यातला उशिराइतकाच जुळण्याचा भागही महत्त्वाचा वाटतो. नुसत्या दुःखानं माणूस अस्वस्थ होतो. रडू येण्यासाठी पडद्यावरच्या कुणीतरी आपल्याशी सहमत व्हावं लागतं.

दारावर

‘माहेरची साडी’ (१९९१) या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखा आहे. विजय कोंडके यांचा हा चित्रपट शहरी समीक्षेनं ‘रडका’ म्हणून बाजूला सारला, आणि खेड्यापाड्यांतल्या बायका बैलगाड्यांतून आणि ट्रॅक्टरमधून येऊन तो पाहून गेल्या. अलका कुबल यांची सोशिक लेक, विक्रम गोखले यांचा तिला दुरावलेला बाप, उषा नाडकर्णींची सासू: सारं भडक आहे, संवाद ओरडून बोलल्यासारखे आहेत. तरी त्याची गाठ जिथं बसली आहे तिथं ती पक्की आहे. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी पडते, हे समोर बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. चित्रपटाचं नाव ऐकतानाच तिला शेवट कळलेला असे. बापाला लेक कळायची ती केव्हा, एवढंच पाहायचं राहिलेलं होतं.

खानदेशात या चित्रपटाला आणखी एक जमीन मिळाली. आमच्याकडं दिवाळीइतकीच मोठी आखाजी. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. भाऊ मुराळी होऊन न्यायला आला की नाही, यावर सासरी बाईची पत ठरते. ज्या घरी मुराळी येत नाही त्या घरच्या सुनेची आखाजी कशी जाते, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

आणि आमच्याकडं ‘दारावर जाणं’ असतं. मयताच्या घरी भेटायला आलेल्या बायका उंबऱ्याशी येताच हेल काढून रडू लागतात. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगत रडतात. नीट ऐकलं तर त्यात दुसरीही नावं मिसळलेली ऐकू येतात: कुणाचा पाच वर्षांपूर्वी गेलेला भाऊ, कुणाची लहानपणी गेलेली लेक. थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसले जातात आणि कपाशीचं, पावसाचं बोलणं सुरू होतं. याला ढोंग म्हणणाऱ्याला माणसं कळलेली नाहीत. ‘इलियड’मध्ये पात्रोक्लसच्या प्रेताभोवती रडणाऱ्या बंदिवान स्त्रियांबद्दल होमर हेच सांगतो: निमित्त पात्रोक्लसचं होतं, प्रत्येकीनं रडून घेतलं आपल्या दुःखासाठी. अभिनवगुप्त ज्याला साधारणीकरण म्हणतो, ते आमच्या बायका ओट्यावर बसून करतात. ‘माहेरची साडी’च्या खेळाला त्या दारावरच गेल्या होत्या. घरात ज्या दुःखाला रडण्याची सोय नव्हती, त्याला तिथल्या अंधारात जागा मिळाली.

आवरून धरलेलं

‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीला मिळालं ते संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला. या दोन्ही चित्रपटांत डोळे भरून यावेत, हा निव्वळ योगायोग नसावा. ‘श्वास’ची सामग्री ‘माहेरची साडी’हून अधिक भयंकर आहे. कोकणातल्या आजोबांच्या नातवाला डोळ्यांचा कर्करोग आहे. त्याचा जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा मात्र सबंध चित्रपटभर जवळपास रडतच नाहीत. ते डॉक्टरांना तेच तेच विचारतात, कागदांकडं बघतात, पोराला जेवू घालतात. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा ते कुणालाही न सांगता त्याला दवाखान्याबाहेर नेतात आणि दिवसभर शहर दाखवतात.

वर्गात मुलं रडतात ती इथं. रोगाचं नाव कळतं तेव्हा ती गप्प असतात, पोर वेदनेनं आणि भीतीनं आकांत करतं तेव्हा खाली बघतात. पोर हसतं तेव्हा रडतात. या एका दिवसात उशीर आणि जुळणं दोन्ही आहेत. आजोबांनी वास्तव मान्य केलं आहे, म्हणून तर ते त्याला बाहेर नेतात. उद्या हे डोळे नसणार, हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांनाही. चिडलेल्या डॉक्टरलाही अखेर ते उमगतं. इथं शत्रू कुणीच नाही: डॉक्टर चांगला, समाजसेविका चांगली, आजोबा चांगले. दोष आहे तो पेशींचा. पात्रानं स्वतःचं रडू आवरून धरलं की ते प्रेक्षकाकडं येतं, हे अभिनयाचं जुनं मर्म इथं दिसतंच. पण प्रेक्षकाला इतकं मोकळं रडता येतं याचं कारण वेगळं आहे. त्या दुःखात त्याचा हात नाही.

कोरडे डोळे

आता नागराज मंजुळे यांच्याकडं येतो. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी आर्ची आणि परशा मारले जातात. इतका वेळ अजय-अतुल यांच्या संगीतानं भरलेला चित्रपट तिथं आवाजच बंद करतो. लहान मूल रक्तातून चालतं आणि त्याची पावलं फरशीवर उमटत जातात. मी पाहिलेल्या खेळाला दिवे लागल्यावरही लोक बसून होते. हुंदका मात्र मला ऐकू आला नाही. उशीर तर इथं पुरेपूर आहे. पण जुळणं नाही. मारणाऱ्यांना काही उमगलेलं नाही. मूल रडतं, पण काय घडलं हे समजण्याचं त्याचं वय नाही. कळलेलं आहे ते एकट्या प्रेक्षकाला, आणि ते कुणाबरोबर वाटून घेण्याची सोय दिग्दर्शकानं ठेवलेली नाही. संगीत थांबवून त्यानं रडण्याची शेवटची वाटही बंद केली.

‘फँड्री’ (२०१३) त्याहून पुढं जातो. कैकाडी कुटुंब गावासमोर डुक्कर धरतं आहे. गावकरी आरामात बसून ही धावपळ बघतात, शेरे मारतात, हसतात. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा हाताशी आलेलं डुक्कर सोडून सारं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. या दृश्याला वर्गात पहिल्यांदा हशा येतो. मग तो ओसरतो, कारण पडद्यावरचे हसणारे लोक आणि आपण एकाच ओळीत बसलो आहोत, हे मुलांच्या ध्यानात येतं. शेवटी जब्यानं मारलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. किशोर कदम यांच्या कचरूचा चेहरा करुण आहे, जब्याची अवस्था करुण आहे, तरी हा चित्रपट करुणरसाचा होत नाही. गाव त्यांच्याशी सहमत होत नाही, तोवर दिग्दर्शक आपल्यालाही सहमतीचं सुख देत नाही.

इथं माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. चित्रपटातले अश्रू हा एक तह असतो. आता सगळ्यांना सगळं कळलं आणि करण्यासारखं काही उरलं नाही, या दोन कलमांवर तो होतो. ‘श्वास’मध्ये तो न्याय्य आहे, कारण तिथं खरोखरच करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ‘माहेरची साडी’त दुसरं कलम खोटं आहे: त्या लेकीला वाचवता आलं असतं. बापाच्या पश्चात्तापावर सासरचा आणि माहेरचा सारा हिशेब चुकता होतो. बायकांचं रडणं खरं होतं; तह मात्र त्यांच्या वतीनं परस्पर झाला. ‘फँड्री’ तहाला नकार देतो, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याऐवजी हातात दगड येतो.

मणिबेली

हा मुद्दा मला नंदुरबारमध्ये सुचावा याला कारण आहे. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट याच भागातला आहे. जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या आधी, सरदार सरोवराचं पाणी चढत असताना मणिबेलीत आणि नर्मदाकाठी जे चाललं होतं, ते या माहितीपटात आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं या धरणानं बाधित झाली.

हा माहितीपट वर्गात दाखवला तेव्हा कुणीच रडलं नाही. शहरातली मुलं ताठरून बसली होती. डोंगरातून आलेली मुलं पुढं सरकली आणि पडद्यावरची माणसं, घाट, झाडं ओळखू लागली, एकमेकांना पावरी-भिलोरीत नावं सांगू लागली. त्यांच्यासाठी ती गोष्ट संपलेली नव्हती, तर तिच्यावर रडायचं कसं? आणि शहरातल्या मुलांची अडचण ‘फँड्री’च्या प्रेक्षकाचीच होती. या प्रकल्पाच्या विजेतला सत्तावीस टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. वर्गातला पडदा विजेवरच उजळला होता.

यावरून रडवणारा चित्रपट हलका आणि न रडवणारा भारी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. डोंगरातल्या त्याच मुलांनी ‘श्वास’ पाहताना डोळे पुसले होते. दारावर गेलेल्या बाईला तिथं रडून घेण्याचा हक्क आहे, आणि तिच्या रडण्याकडून कुठलं सामाजिक काम व्हावं अशी अपेक्षा करणं हा उद्धटपणा आहे. माझी तक्रार आपल्या परीक्षणांच्या भाषेबद्दल आहे. ‘रुमाल घेऊन जा’ म्हणून स्तुती करायची, नाहीतर ‘रडारड’ म्हणून नाक मुरडायचं, या दोनच रीती तिच्यात रूढ आहेत. दोन्हींत पाणी किती आलं हे मोजलं जातं. ते कोणत्या क्षणी आलं, त्या क्षणी पडद्यावर कोण कुणाशी सहमत झालं आणि त्या सहमतीत कुणाला विचारलंच गेलं नाही, हे परीक्षणानं सांगायला हवं. डोळे पुसून झाल्यावर हे प्रश्न विचारले तरी चालतील. तेवढा उशीर क्षम्य आहे.