चित्राआधी पोचणारा आवाज

तबल्यावर हात पडण्याआधीच थाप ऐकू येते. मैफली, कीर्तनं, नाट्यप्रयोग यांच्या थेट प्रक्षेपणात हा दोष आता सर्रास दिसतो आणि त्याचं खापर बहुतेक वेळा इंटरनेटवर फुटतं. पण इंटरनेटवर चित्र आणि आवाज एकत्रच निघतात. उशीर झाला तर दोघांनाही होतो. माझ्या मते हा बिघाड बऱ्याचदा त्याआधीच, अनेक कॅमेऱ्यांची चित्रं निवडणाऱ्या आणि मिसळणाऱ्या स्विचरमध्ये झालेला असतो.

दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांत मिसळायची तर दोघांच्या ओळी एकाच क्षणी सुरू व्हाव्या लागतात. आपल्याकडे 1982च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं: सेकंदाला 25 फ्रेम, फ्रेममध्ये 625 ओळी, एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची. नुसत्या ओळी जुळून भागत नसे. रंग वाहून नेणाऱ्या 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीची फेजही जुळावी लागे. या लहरीचा एक अंश म्हणजे सुमारे 0.63 नॅनोसेकंद. नेहमीच्या कोॲक्शियल केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे अर्धी वीत केबल जास्त झाली की एका अंशाचा फरक! म्हणून सिंक जनरेटरचा ब्लॅक बर्स्ट प्रत्येक कॅमेऱ्याला पुरवायचा, कॅमेरा त्याला जेनलॉक करायचा आणि व्हेक्टरस्कोपवर नजर ठेवून फेज जुळवायची, ही इंजिनिअरची रोजची साधना होती. चुकलं तर कट घेताच रंग फिका पडे किंवा चित्र बाजूला सरके. चूक लपायला जागाच नव्हती.

ती जागा फ्रेम सिंक्रोनायझरने दिली. आलेली अख्खी फ्रेम स्मृतीत साठवायची आणि केंद्राच्या तालावर बाहेर सोडायची. क्वांटेलच्या डीएफएस 3000ने 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये चित्रात चित्र दाखवलं, ते याच तंत्राच्या बळावर. पुढे एसडीआय ही डिजिटल जोडणी आली आणि रंगलहरीची डोकेदुखी संपली. एकेकाळी मोठ्या केंद्रांनाच परवडणारी ही सोय आज छोट्या एचडीएमआय स्विचरच्या प्रत्येक इनपुटवर असते. गावातली नाट्यसंस्था चार वेगवेगळे कॅमेरे जोडून प्रयोग दाखवू शकते, याचं मोल मला फार वाटतं.

पण साठवण म्हणजे उशीर, आणि उशीर होतो फक्त चित्राला. आवाज ध्वनिमिक्सरमधून थेट येतो, म्हणून तो पुढे जातो. नेमकी हीच बाजू माणसाला जास्त खटकते, कारण निसर्गात आवाज दृश्याच्या मागून येतो, पुढे कधीच नाही. आयटीयूच्या बीटी.1359 या शिफारशीत आवाज मागे पडलेला सुमारे 125 मिलिसेकंदांपासून जाणवतो असं म्हटलं आहे. पुढे गेलेला मात्र 45पासूनच. पंचवीसच्या वेगात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका साठवणीतच जवळपास सगळी सवलत संपते, आणि कॅमेऱ्याची स्वतःची प्रक्रिया आणि सभागृहात एलईडी पडदा असेल तर त्याचा प्रोसेसर अजून हिशेबात धरलेलेच नाहीत.

यावर आवाजाला ठरावीक डिले लावतात. तो उपाय अर्धाच आहे. जेनलॉक नसलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ स्वतंत्र चालतं. ते स्विचरच्या घड्याळापेक्षा दशलक्षात वीस भागांनी वेगळं असेल तर साधारण 33 मिनिटांत एका फ्रेमचा फरक साचतो आणि एक फ्रेम गळते किंवा दोनदा दिसते. मधल्या वेळात उशीर सतत सरकत राहतो. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला जुळवलेला डिले द्रुतपर्यंत बिघडलेला असतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याचा उशीर निराळा. गायकावरून तबल्यावर कट घेतला की समच हलते, आणि रसिकाला ते कळतं.

मोठ्या केंद्रांत वेगळ्या वाटेने शिस्त परतते आहे. एसटी 2110 पद्धतीत चित्र आणि आवाज नेटवर्कवरून वेगवेगळे प्रवास करतात, पण दोघांवर एकाच पीटीपी घड्याळाचा शिक्का असतो. कोण किती उशिरा पोचला हे मोजता येतं. छोट्या स्विचरमध्ये साठवण आहे, शिक्का नाही. म्हणूनच आजची अवस्था मला प्रगतीइतकीच तुटीचीही वाटते: चित्र कधी फाटत नाही, त्यामुळे वेळेकडे कुणी बघतच नाही.

छोट्या मैफलीपुरतं बोलायचं तर जेनलॉकची सोय असलेले कॅमेरे भाड्याने मिळत असतील तर तेच घ्यावेत. नसतील तर निदान एकाच बनावटीचे आणि एकाच फ्रेमदराचे. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्डिंगवर फ्रेम मोजाव्यात, मध्यंतरात पुन्हा मोजाव्यात आणि आवाजाचा डिले सर्वांत उशिराच्या कॅमेऱ्यावरून ठरवावा. स्विचर बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे: प्रत्येक इनपुट या क्षणी किती मिलिसेकंद मागे आहे, तो आकडा मेनूत दाखवा. चित्र किती काळ अडवून ठेवलं, हे त्या यंत्राला ठाऊक असतंच.