मागे राहिलेल्याला माग दिसत नाही

पीटर ब्रॉयगेलचं 'हंटर्स इन द स्नो' हे चित्र नावानिशी माहीत नसलं, तरी तुम्ही बहुधा पाहिलेलं आहे. डिसेंबर आला की ते कुणाच्या तरी स्टेटसला येतंच. तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) ते अंतराळस्थानकाच्या भिंतीवर आहे आणि कॅमेरा त्यावरून बराच वेळ फिरत राहतो. १५६५चं चित्र, मूळ आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात. बर्फाखाली गेलेली शेतं, गोठलेली तळी, त्यांवर खेळणारी चिमुकली माणसं, काळी झाडं. डावीकडून तीन शिकारी कुत्र्यांच्या घोळक्यासह गावाकडे उतरतायत. तिघांचीही पाठ आपल्याकडे आहे.

माझ्या लॅपटॉपवर ते वॉलपेपर म्हणून वर्षभर होतं. 'काय मस्त शांत थंडी आहे' यापलीकडे मी कधी गेलो नाही. मग एकदा कुठेतरी वाचलं की या तिघांना दिवसभरात मिळून फक्त एक कोल्हा मिळालाय. आणि त्यांच्या पुढ्यातल्या बर्फात सशाच्या पावलांचे ठसे आहेत. झूम करून पाहिलं, तर खरंच होते. ससा इथून गेला. हे तिघे मान खाली घालून चाललेत, पण त्यांची नजर ठशांवर नाही. थकलेल्या माणसाची मान नुसतीच खाली असते. म्हणजे मी ज्याला सुंदर हिवाळा समजत होतो, ते फसलेल्या शिकारीचं चित्र होतं.

हे सगळं आठवलं ते टोबायस वुल्फ या अमेरिकन लेखकाची याच नावाची कथा वाचताना. (लिओनार्डो डिकॅप्रिओचा 'धिस बॉइज लाइफ' पाहिला असेल, तर तो याच वुल्फच्या आठवणींवर आहे.) १९८१च्या त्याच्या पहिल्या कथासंग्रहात ही कथा आहे. तीन मित्र, रायफली, बर्फ, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या आसपासची शेतं. जनावर ससा नाही, हरीण. पण इथेही शिकार मिळत नाही, आणि इथेही ठसे कुणाला तरी दिसत नाहीत. ते का दिसत नाहीत, यात मला अख्खी कथा दिसते. पुढे शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी कथा वाचायची असेल त्यांनी ती वाचून परत यावं, तासाभराचं काम आहे.

तिघं म्हणजे केनी, फ्रँक आणि टब. टब हे अर्थात टोपणनाव. आपल्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये एक 'जाड्या' असतो, तोच हा. कथा उघडते तेव्हा टब बर्फात तासभर वाट बघत उभा आहे. उशिरा आलेला केनी ट्रक थेट फुटपाथवर चढवतो. टब जेमतेम उडी मारून वाचतो, त्याच्या खिशातली सँडविचेस आणि बिस्किटांचा पुडा बर्फात पडतो. केनी हसतो. आपणही हसतो. मी तरी हसलो, कारण प्रसंग लिहिलाच तसा आहे, एखाद्या जुन्या विनोदी सिनेमासारखा. एका मित्राने दुसऱ्याच्या अंगावर गाडी घातली हे आपल्या लक्षात यायला उशीर लागतो. वुल्फने पहिल्याच पानावर वाचकाला ट्रकमध्ये, हसणाऱ्यांच्या बाजूला बसवून घेतलंय.

ट्रकच्या पुढच्या काचेला भोक आहे, हीटर चालत नाही, तिघं घोंगड्या गुंडाळून बसलेत. शिकारीच्या जागी पोचल्यावर केनी आणि फ्रँक ओढ्याच्या एका काठाने जातात, टब दुसऱ्या काठाने एकटा. बर्फाचा वरचा थर त्याच्या वजनाने मोडतो आणि तो दर पावलाला रुततो. सुरुवातीला तो माग शोधतो. मग ते सोडून देतो. पलीकडचे दोघे पुढे निघून जाऊ नयेत एवढंच त्याला आता बघायचंय. परतीच्या वाटेवर त्याच्या काठाला हरणाच्या खुरांचे ठसे आणि लेंड्या सापडतात. तो शेजारून चालत गेलेला असतो. त्याची यथेच्छ टिंगल होते.

ही जागा मी दोनतीनदा वाचली. टबला माग दिसला नाही, कारण त्याची सगळी शक्ती सोबत टिकवण्यात खर्च झाली होती. तो शिकार करतच नव्हता. आणि त्याला मागे टाकणारे दोघे पुन्हा त्यालाच विचारतात, तुला दिसलं कसं नाही? वुल्फ हे कुठेही समजावून सांगत नाही. तो फक्त बर्फ, पाय आणि दमछाक लिहितो.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, कारण ती टाळून या कथेवर लिहिलं तर ते खोटं होईल. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही पाच जण हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, खिरेश्वरकडून, तोलार खिंडीतून. आमच्यातला एक वजनाने जास्त होता. तो मागे पडायचा, आम्ही कुठेतरी सावलीत त्याची वाट बघत बसायचो. तो धापा टाकत पोचला की आम्ही 'चला' म्हणून उठायचो. म्हणजे आमची विश्रांती झालेली असायची आणि त्याची दिवसभरात एकदाही होत नव्हती. यात काही चूक आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. उलट आम्ही त्याच्यासाठी थांबतोय, असाच हिशोब होता. टोपणनाव तर होतंच. ते मी इथे लिहीत नाही.

कथेत संध्याकाळ होते. शिकार नाही, केनी वैतागलेला. तो एका खांबाकडे बघून म्हणतो की मला हा खांब आवडत नाही, आणि त्यावर गोळी झाडतो. मग झाडाचा नंबर लागतो. मग शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या, भुंकणाऱ्या कुत्र्याचा. कुत्रा मरतो. मग केनी टबकडे वळतो आणि तेच वाक्य टबबद्दल म्हणतो. टब कमरेवरूनच रायफल चालवतो. गोळी केनीच्या पोटात.

त्या क्षणी टबच्या मनात काय होतं ते वुल्फ सांगत नाही आणि माझ्या मते ते न सांगणं हाच कथेचा कणा आहे. ही स्वसंरक्षणाची गोळी की दिवसभराच्या, कदाचित अनेक वर्षांच्या अपमानाची? बहुधा टबलाही माहीत नाही. पण सकाळचा ट्रक आठवा. या ग्रुपमध्ये गंमत आणि जिवावर बेतणं यांच्यामध्ये रेषाच आखलेली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर केनीकडे टेस्टिंगचा वेगळा सर्व्हर नाही, तो प्रत्येक विनोद थेट लाइव्ह चालवतो. ज्याच्यावर ते विनोद चालतात त्याने 'हा मात्र गंमतीतला' हे कशावरून ओळखायचं? नंतर कळतं की कुत्र्याला मारायला शेतकऱ्यानेच सांगितलं होतं. त्याच्याकडे बंदूक नव्हती. हे केनी कुणाला बोलला नाही. काहींना हा योगायोग फार जुळवलेला वाटेल. मला तो केनीच्या स्वभावात बसणारा वाटतो. माहिती लपवून समोरच्याची फजिती बघणं हीच त्याची विनोदाची पद्धत आहे.

गोळी लागल्यावरही फ्रँक टबच्या जाडेपणावरून शिवी देतो. टब त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवतो. आता बास, मला बघून हसणं बास. आणि फ्रँक ऐकतो. दिवसभरात टबचं कुणीतरी ऐकल्याचा हा पहिला प्रसंग आहे. त्यासाठी एक माणूस जमिनीवर पडावा लागला.

इथून पुढची कथा जास्त भयंकर आहे आणि ती कमालीच्या उबेत घडते. हॉस्पिटल पन्नासेक मैल लांब. केनीला ट्रकच्या मागच्या उघड्या भागात झोपवतात. वाटेत फ्रँक आणि टब दोनदा थांबतात, कारण काचेच्या भोकातून थंडी येतेय. गरम खोलीत बसून दोघं एकमेकांना मनातलं सांगतात. फ्रँक सांगतो की तो प्रेमात पडलाय. मुलगी पंधरा वर्षांची, त्याच्या मुलांना सांभाळायला येणारी. टब त्याला थांबवत नाही, मित्र म्हणजे कायम आपल्या बाजूने असणारा माणूस अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. मग टब कबूल करतो की ग्रंथींचा आजार वगैरे काही नाही, तो चोरून खातो, बायकोपासूनही लपवून. फ्रँक त्याच्यासाठी पॅनकेकच्या चार प्लेटा मागवतो आणि समोर बसून खायला लावतो.

हा पॅनकेकचा प्रसंग टबच्या मुक्तीचा आहे असं वाचता येतं. पहिल्यांदाच तो कुणासमोर लाज न बाळगता खातोय. मला ते पटत नाही. फ्रँक तिथे बसून टबला खाताना बघतो, आणि टबला दिवसभर नकोसं झालं होतं ते हेच, लोकांनी आपल्याला बघणं. फरक इतकाच की आता प्रेक्षक प्रेमळ आहे. शिवाय दोघांची देवाणघेवाणही मला समान वाटत नाही. टबच्या कबुलीत नुकसान झालंच तर त्याचं स्वतःचं आहे. फ्रँकच्या कबुलीत एक शाळकरी मुलगी आहे, जिचं फक्त नाव कथेत येतं, आणि तिच्या बाजूने त्या टेबलावर कुणीही नाही. 'तुझ्या बाजूने' म्हणजे नेमकं कुणाच्या विरुद्ध, हा प्रश्न वुल्फ तिथे सोडून देतो आणि पुढे जातो.

सकाळी केनी आणि फ्रँक आत होते, टब बाहेर. रात्री फ्रँक आणि टब आत आहेत, केनी बाहेर, अक्षरशः बाहेर, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात. जवळीक वाढली की कुणाला तरी बाहेर काढावंच लागतं, असा या तिघांचा हिशोब आहे. केनीच्या अंगावरची घोंगडी उडते, मग हे दोघं ती स्वतःलाच घेतात. रस्त्याचा कागद आधीच्या टेबलावर विसरलेला असतो. इथे वुल्फ जरा जास्तच करतो, असं मला वाटतं. घोंगडी, कागद, दोन थांबे, एकावर एक रचलेले. एखादं कमी असतं तर भीती जास्त खरी झाली असती. कुत्र्याबद्दलचं सत्य टब फ्रँकला सांगतो, तेव्हा दोघंही हसतात. पहिल्या पानावर आपणही असेच हसलो होतो.

केनी मागे पडून स्वतःशी घोकत राहतो की आपण हॉस्पिटलला चाललोय. निवेदक शेवटी आपल्याला सांगतो की तसं नाही, ट्रकने कधीचाच दुसरा रस्ता घेतलाय. ही माहिती त्या तिघांपैकी कुणालाच मिळत नाही.

कथा वाचून झाल्यावर मी ब्रॉयगेल पुन्हा उघडला. या वेळी ससा शोधला नाही. आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं. चित्रकाराने आपल्याला शिकाऱ्यांच्या मागे, त्याच टेकडीवर ठेवलंय. ते तिघं गावाकडे उतरतायत आणि आपण रांगेत सगळ्यात शेवटी आहोत.

हरिश्चंद्रगडाचे फोटो आमच्या जुन्या ड्राइव्हवर अजून आहेत. चार जणांचे फोल्डर एकसारखे. कोकणकडा, मंदिर, कड्यावर पाय सोडून बसलेले आम्ही. पाचव्याच्या फोल्डरमध्ये कड्याचे दोनच फोटो आहेत, बाकी सगळे वाटेवरचे. चढ, कारवीची झुडपं आणि पुढे, बऱ्याच अंतरावर, आमच्या चार सॅका.