मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील औषधप्रतिरोध आणि पेशीचे चयापचय : संशोधन-साहित्याची एक चिकित्सा

प्रास्ताविक

कर्करोगावरील औषध काही काळ लागू पडते आणि पुढे पडेनासे होते, या अनुभवाला वैद्यकशास्त्रात 'औषधप्रतिरोध' अशी संज्ञा आहे. मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात, विशेषतः तो यकृतात वा फुप्फुसात पसरल्यानंतर, उपचाराची मर्यादा बहुतांशी या प्रतिरोधानेच ठरते. अलीकडच्या काळात या प्रश्नाचे उत्तर पेशीच्या चयापचयात, म्हणजे पेशी ग्लुकोज, अमिनो आम्ले, मेदाम्ले इत्यादी द्रव्ये कशी वापरते यात, शोधण्याकडे संशोधकांचा कल वाढलेला दिसतो. या विपुल साहित्याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रतिरोध हा कर्करोगपेशीचा अंगभूत गुण होय, असे या साहित्याचे बहुधा गृहीत असते. वस्तुतः पेशी, तिच्या भोवतीचा द्रव, रुग्णाचे यकृत आणि आतड्यातील जिवाणू यांच्या परस्परव्यवहारातून तो निपजतो, अशी मांडणी येथे केली आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. भिवंडीतील टेमघरहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत उपचारासाठी जाणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत 'औषध लागू नाही' असे ठरले, की औषध बदलावे लागते. आणि या रोगात बदलून देण्याजोगी औषधे मोजकीच आहेत. मात्र औषध पेशीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचलेच नाही, पोहोचले पण निष्प्रभ झाले, किंवा पूर्ण प्रभावाने पोहोचूनही पेशी वाचली, हे तीन स्वतंत्र प्रकार आहेत. त्यांना एकाच नावाने संबोधल्याने उपचाराची दिशाच चुकू शकते.

वारबुर्ग यांचा वारसा

या विषयावरील बहुतेक परीक्षणलेखांचा आरंभ ओटो वारबुर्ग यांच्यापासून होतो. ऑक्सिजन उपलब्ध असतानाही कर्करोगाच्या ऊती ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले. हे निरीक्षण आजही टिकून आहे. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. कर्करोगपेशींचे श्वसन बिघडलेले असते व तेच कर्करोगाचे मूळ होय, असे त्यांनी १९५६ मध्ये आग्रहाने मांडले. त्याच वर्षी सिडनी वाइनहाउस यांनी अनेक गाठींमध्ये श्वसन शाबूत असते याकडे लक्ष वेधले. प्रतिरोधावरील लेखनात वारबुर्ग यांचे नाव येते, वाइनहाउस यांचे क्वचितच. परिणामी 'ग्लुकोजचे विघटन वाढले म्हणून प्रतिरोध वाढला' हे सूत्र पुराव्याच्या आधी आणि पुराव्याविनाही वापरले जाते.

या सूत्राचे एक उदाहरण पाहता येईल. ज्युलियानो व लिंग यांनी १९७६ मध्ये पी-ग्लायकोप्रथिनाचे वर्णन केले. हा पेशीपटलावरील पंप ऊर्जा खर्च करून औषध बाहेर फेकतो. तेव्हा ऊर्जा अधिक तर पंप सक्षम, आणि पंप सक्षम तर प्रतिरोध अधिक, हा युक्तिवाद दिसायला निर्दोष आहे. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मुख्यत्वे दिले जाणारे ५-फ्लुओरोयुरॅसिल हे या पंपाचे नेहमीचे लक्ष्य नाही. अन्य कर्करोगांतील सिद्धान्त औषधाचे नावही न तपासता येथे आणून बसवला जातो, ही या साहित्याची नजरेत भरणारी उणीव आहे.

औषध हेच एक चयापचयद्रव्य

५-फ्लुओरोयुरॅसिलचा जन्मच मुळी चयापचयाच्या अभ्यासातून झाला. उंदरांच्या यकृतातील गाठी निरोगी ऊतींपेक्षा युरॅसिल अधिक शोषून घेतात, असे १९५४ मध्ये आढळले. त्या धाग्यावरून चार्ल्स हायडेलबर्गर व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये युरॅसिलला फ्लुओरीन जोडून हे बनावट द्रव्य सिद्ध केले. पेशी त्याला अन्न समजून आत घेते आणि त्याचे न्यूक्लिओटाइड बनवते. ते न्यूक्लिओटाइड थायमिडिलेट सिंथेज या विकराला जखडून टाकते, व डीएनएची घडण खोळंबते. म्हणजे येथे पेशी औषधाला बळी पडते ती स्वतःच्याच चयापचयाने. हे रूपांतर तिने मंदावले तरी ती वाचते, आणि जखडले जाणारे विकर वाढवले तरी वाचते. हे दोन्ही मार्ग खऱ्या अर्थाने पेशीचे आहेत, आणि त्यांवरील संशोधन या साहित्यातील सर्वांत भक्कम भाग होय.

परंतु शिरेतून दिलेल्या मात्रेचा सुमारे ८० टक्के भाग गाठीपर्यंत पोहोचतच नाही. यकृतातील डायहायड्रोपिरिमिडिन डिहायड्रोजनेज हे विकर त्याचे विघटन करते. या विकराची क्षमता माणसागणिक भिन्न असते. ती फार कमी असेल तर नेहमीची मात्राही प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी तिची तपासणी करण्याची शिफारस केली. ती जास्त असेल तर काय होते, या दुसऱ्या टोकाची चर्चा त्या मानाने फारच थोडी आढळते.

संवर्धनपात्राचा प्रश्न

चयापचय व प्रतिरोध यांविषयीचे बहुसंख्य निष्कर्ष काचेच्या वा प्लॅस्टिकच्या पात्रात वाढवलेल्या पेशींवरून काढलेले आहेत. या तंत्राचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या केंद्राची परंपरा आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पुढे चालू आहे. शरीराबाहेर पेशी जगवणे हेच त्या पिढीपुढचे आव्हान होते, आणि त्यासाठी माध्यम सकस हवे होते. तेव्हाची ती गरज आज अडचण झाली आहे.

बहुप्रचलित डीएमईएम माध्यमाच्या उच्च-ग्लुकोज प्रकारात लिटरमागे ४.५ ग्रॅम ग्लुकोज असते. उपाशीपोटी माणसाच्या रक्तात ते सुमारे ०.९ ग्रॅम असते. अशा माध्यमात वाढलेली पेशी ग्लुकोजची उधळपट्टी करते, यात आश्चर्य कशाचे? रक्तात असलेली कित्येक द्रव्ये तर या माध्यमांत मुळीच नसतात. २०१७ मध्ये कँटर व सहकाऱ्यांनी मानवी रक्तद्रवासारखे माध्यम तयार केले, तेव्हा युरिक आम्लाविषयी एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. उत्क्रांतीच्या ओघात मानवाने युरिक आम्लाचे विघटन करणारे विकर गमावले असल्याने आपल्या रक्तात हे आम्ल उंदरांच्या कित्येक पटींनी अधिक असते. ते पिरिमिडिन-निर्मितीतील युएमपी सिंथेज या विकराला रोधते. आणि हेच विकर ५-फ्लुओरोयुरॅसिलचे सक्रिय रूपांतर घडवणाऱ्यांपैकी एक आहे. त्यामुळे औषधाची मारकता घटली. हे प्रयोग मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर झाले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आतड्याच्या गाठीत असेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही नेहमीच्या माध्यमात 'संवेदनशील' ठरलेली पेशी केवळ भोवतीचा द्रव बदलताच 'प्रतिरोधी' होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पेशीची जनुके मात्र तीच होती.

पात्रातील निष्कर्ष रुग्णापर्यंत नेताना काय होते, याचे उदाहरण क जीवनसत्त्वाचे आहे. केआरएएस वा बीआरएएफ जनुकात उत्परिवर्तन असलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने मरतात, कारण त्यामुळे त्यांची ग्लुकोज-विघटनाची साखळीच तुटते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग कल्पक होता, यंत्रणाही पटण्याजोगी होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४४२ रुग्णांवरील चीनमधील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मात्र नेहमीच्या औषधांना त्याची जोड देऊन एकूण रुग्णांत रोगाची वाढ अधिक काळ रोखता आली नाही. आरएएस उत्परिवर्तनाच्या उपगटात थोडा लाभ दिसला. पण उपगटातील लाभ हा नव्या चाचणीचा आरंभ असतो, जुन्या गृहीतकाचा विजय नव्हे.

आतड्याचे वेगळेपण

मोठे आतडे हे चयापचयाच्या दृष्टीने इतर अवयवांसारखे नाही. तेथील निरोगी अस्तरपेशींचे प्रमुख इंधन ग्लुकोज नसून ब्युटिरेट आहे, आणि ते आहारातील तंतूंपासून जिवाणू बनवतात. कर्करोगपेशी ग्लुकोजकडे वळल्यामुळे ब्युटिरेट न जळता साचते व जनुकांचे नियमन बदलून त्यांची वाढ रोखते, असे डोनोहो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. एकच द्रव्य एका पेशीला अन्न व दुसरीला अडसर ठरते. जिवाणूंचा हस्तक्षेप एवढ्यावर थांबत नाही. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम कर्करोगपेशींमध्ये स्वभक्षणाची क्रिया चेतवून त्यांना औषधापासून वाचवतो, असे २०१७ मध्ये आढळले. २०२२ मध्ये तर आतड्यातील काही जिवाणू यकृतासारख्याच विकराने ५-फ्लुओरोयुरॅसिल निष्क्रिय करतात असे दिसून आले. येथे प्रतिरोधी कोणाला म्हणावयाचे?

मात्रा आणि प्रतिरोध

वरील विवेचनाला रुग्णांवरील आधार आहे, तो फ्रान्समधील गामलॅं व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासाचा. रोग पसरलेल्या २०८ रुग्णांपैकी एका गटाला ५-फ्लुओरोयुरॅसिलची मात्रा प्रथेप्रमाणे शरीराच्या पृष्ठफळावरून दिली गेली. दुसऱ्या गटात रक्तातील औषधाचे प्रमाण मोजून ती कमी-जास्त करण्यात आली. पहिल्या गटात १८.३ टक्के रुग्णांच्या गाठी आटल्या, दुसऱ्यात ३३.७ टक्के. शिवाय दुसऱ्या गटात तीव्र दुष्परिणामही कमी होते. आयुर्मानातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीला पुरेसा उतरला नाही, हेही नोंदवले पाहिजे. परंतु दोन्ही गटांतील रोग एकच होता आणि औषधही एकच. पहिल्या गटातील ज्या रुग्णांच्या बाबतीत औषध निकामी ठरले, त्यांच्यापैकी काहींच्या पेशींनी प्रतिकार केलाच नव्हता. औषध तेथवर पुरेसे पोहोचले नव्हते. चयापचय व प्रतिरोध यांवर लिहिल्या जाणाऱ्या परीक्षणलेखांत ग्लुकोज व ग्लुटामिनच्या मार्गांच्या आकृत्या पानोपानी असतात, या अभ्यासाचा उल्लेख मात्र शोधावा लागतो.