गेरुडो व्हॅली : गिटारीवर

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) या व्हिडिओ गेममध्ये कोजी कोंडो यांनी रचलेली 'गेरुडो व्हॅली' नावाची धून आहे. स्पेनच्या फ्लामेंको पद्धतीने गिटारीवर बसविलेले तिचे ध्वनिमुद्रण नुकतेच आम्ही येथे सिहोऱ्यास ऐकले.

मूळ धून स्पॅनिश पेहरावातच जन्मली. पण तिच्यातल्या टाळ्या, ट्रम्पेट, गिटार सारेच यंत्रोद्भव. खेळणारा त्या दरीतून बाहेर पडेपर्यंत ती फिरत राहते, तिला शेवटच नाही. वादकाची खरी कसोटी येथे लागते.

पहिल्या दोन आवर्तनांत त्याने तारांवरून बोटे झरझर उलगडण्याची, गिटारीच्या अंगावर ठोके देण्याची हौस पुरेपूर भागवून घेतली आहे. कान दिपतात (कानांचेही तसे होते!) आणि धून हरवते. तिसऱ्या आवर्तनात मात्र तो सारा पसारा आवरतो आणि एकाच तारेवर कोमल ऋषभावरून षड्जावर सावकाश उतरतो. तेथे भैरवी जवळून गेल्यासारखी वाटली. लगेच शुद्ध गांधार लागला आणि बसंतमुखारीची छाया पडली.

आमच्या याच लोहमार्गावर, कटनीच्या पुढे मैहर आहे. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथील वाद्यवृंदासाठी बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग घडविले; नळ्या शस्त्रागारातल्या, पण त्यांतून वाजले ते राग. प्रस्तुत वादनात असा पालट त्या तिसऱ्या आवर्तनापुरताच घडतो. पुढे पुन्हा ठोके, आणि अखेरीस आवाज नुसता मंदावत नेऊन मिटविला आहे. यंत्राचे ठीक, हाती गिटार असता समेवर येऊन थांबावयास हवे होते.