कात्री, डिंक आणि प्रतिमा : व्हिक्टोरियन अल्बममधील स्त्री

व्हिक्टोरियन काळातील छायाचित्रांतल्या स्त्रीचा विचार बहुधा 'पाहिली जाणारी' म्हणूनच केला जातो. कॅमेऱ्यामागे पुरुष आणि कॅमेऱ्यापुढे स्त्री ही विभागणी एकदा गृहीत धरली, की उरलेला अर्थ आयताच हाती येतो. या मांडणीतून एक प्रश्न मात्र निसटतो : छायाचित्र निघाल्यानंतर त्याचे काय होत असे, आणि ते कोणाच्या हातून?

१८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी याने 'कार्त द व्हिझीत' या लहान छायाचित्राचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक प्रतिमा घेता येऊ लागल्याने व्यक्तिचित्र स्वस्त झाले. १८६० मध्ये मेयॉलने राणी व्हिक्टोरिया व तिच्या कुटुंबाची अशी छायाचित्रे विक्रीस आणली. राणी आणि घरची मावशी एकाच आकारात, एकाच अल्बमच्या खाचांत बसू लागल्या. स्टुडिओतला खांब, पडदा, उभे राहण्याची ढब, सारेच ठरीव होते. या ठरीवपणाला छेद दिला तो अल्बम जुळवणाऱ्या उच्चकुलीन स्त्रियांनी.

१८६०च्या दशकातील लेडी फिल्मरचे एक पान या दृष्टीने बोलके आहे. जलरंगात रंगवलेल्या दिवाणखान्यात छायाचित्रांतून कापलेल्या आकृती चिकटवल्या आहेत. मध्यभागी मेजापाशी ती स्वतः उभी आहे; मेजावर अल्बम आणि डिंकाचे भांडे. जवळच प्रिन्स ऑफ वेल्स. पती मात्र एका बाजूला, कुत्र्याच्या सान्निध्यात, आकाराने लहान. कोणाला कोठे आणि केवढे ठेवायचे, हा निर्णय येथे स्त्रीचा आहे. डिंकाचे भांडे ही जणू तिची स्वाक्षरीच होय.

तथापि, हे कर्तृत्व सरसकट 'स्त्री'च्या नावे जमा करता येणार नाही. रिकामा वेळ, जलरंगांचे शिक्षण आणि राजपुत्राची ओळख ही त्या पानाची पूर्वअट आहे. मोलकरीण असलेल्या हॅना कलविकने आर्थर मन्बीसाठी कधी मोलकरणीच्या, कधी धुराडी झाडणाऱ्याच्या, तर कधी प्रतिष्ठित स्त्रीच्या वेषात छायाचित्रे काढून घेतली. वेषांतराचे कौशल्य तिचे, दैनंदिनीतील शब्दही तिचे. संग्रह मात्र मन्बीचा. फिल्मर स्वतःची प्रतिमा कापू शकते, कलविक केवळ ती धारण करू शकते. दोघींमधले हे अंतर लिंगभावाचे नसून वर्गाचे आहे.

२००९ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने अशा पानांचे प्रदर्शन भरवले आणि ज्याला विरंगुळा म्हटले गेले होते त्याला कलाकृतीची प्रतिष्ठा लाभली. हा न्याय उशिराचा असला तरी आवश्यकच होता. मात्र प्रतिनिधानाचा विचार 'कोण पाहतो' या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. कात्री कोणाच्या हाती आहे, आणि त्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून घरातले काम कोणाचे हात करीत आहेत, हेही समीक्षेने विचारावयास हवे.